‘किरकोळ’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मराठीत ‘किरकोळ’ हा शब्द किती ठिकाणी राबतो ते बघा. अपघातात तिघं किरकोळ जखमी होतात. ऑफिसातला माणूस किरकोळ रजा टाकतो. दुकानदार किरकोळ विक्री करतो. भावाभावांत किरकोळ कारणावरून वाजतं. जमाखर्चात ‘किरकोळ खर्च’ असा रकाना असतो, आणि एखादा मुलगा अंगापिंडाने किरकोळ असतो. ही वाक्यं इंग्रजीत न्यायची म्हटली की प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो: मायनर, कॅज्युअल, रिटेल, ट्रिव्हिअल, सन्ड्री, स्लाइट. यातला एक काढून दुसऱ्याच्या जागी बसवला तर वाक्य एकतर हास्यास्पद होतं, नाहीतर कोणाला तरी लागतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे शब्द स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून समानार्थी शब्दांच्या यादीत पाठ केलेले असतात. ट्रिव्हिअल म्हणजे क्षुल्लक, पेट्टी म्हणजे क्षुल्लक, ट्रायफलिंग म्हणजे क्षुल्लक, पॉल्ट्री म्हणजेही क्षुल्लकच. परीक्षेत गुण मिळतात, पण पुढे नोकरीत, सोसायटीच्या पत्रव्यवहारात, प्रबंधात किंवा परदेशातल्या ग्राहकाला मेल लिहिताना या यादीचा घोटाळा होतो. गोष्ट लहान आहे एवढंच सांगून हे शब्द थांबत नाहीत. तिच्यातलं नेमकं काय लहान आहे आणि बोलणाऱ्याला तिच्याबद्दल काय वाटतं, हेही ते सांगतात. म्हणून शब्द शोधण्याआधी थोडा विचार करावा लागतो. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

पहिली पायरी: नेमकं काय लहान आहे ते ठरवा

मनात ‘किरकोळ’ किंवा ‘क्षुल्लक’ आलं की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी स्वतःला विचारा: रक्कम लहान आहे का? की गांभीर्य कमी आहे? परिणाम जाणवणार नाही असं म्हणायचंय? चालू विषयाशी संबंध नाही असं म्हणायचंय? की समोरच्याच्या तक्रारीतच दम नाही, असं तुमचं मत आहे? या प्रत्येक उत्तराला इंग्रजीत शब्दांचं वेगळं घर आहे.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ही गोष्ट कोणाच्या दृष्टीने लहान आहे?

एक उदाहरण जवळून पाहू. पुण्या-मुंबईत बऱ्याच गृहनिर्माण सोसायट्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, कारण सभासद निरनिराळ्या प्रांतांतले असतात. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाने बाथरूमच्या छतातून पाणी झिरपतं अशी तक्रार केली. सेक्रेटरींनी येऊन पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या पाइपाचा सांधा थोडा सैल झालाय, प्लंबर अर्ध्या तासात काम उरकेल. सेक्रेटरींच्या मनात वाक्य येतं, ‘तक्रार किरकोळ आहे, शनिवारी काम करून देऊ.’ आता इंग्रजीत त्यांनी ‘युअर कम्प्लेंट इज ट्रिव्हिअल’ असं लिहिलं तर सभासद पुढच्या सर्वसाधारण सभेत ते पत्र वाचून दाखवणार, हे नक्की. कारण ‘ट्रिव्हिअल’ म्हणजे ‘याची तक्रार करायची गरजच नव्हती’. सेक्रेटरींना म्हणायचं होतं की बिघाड लहान आहे. तेव्हा वाक्य असं हवं: ‘द लीक इज मायनर, अँड वी विल हॅव इट रिपेअर्ड बाय सॅटर्डे.’ लहानपणा गळतीला चिकटवला, तक्रारीला नाही. नुसता शब्द बदलून भागत नाही. विशेषण कोणत्या नामाला लावलं, तेही तपासावं लागतं.

दुसरी पायरी: गांभीर्य कमी असेल तर ‘मायनर’

अडचण, बदल, दुरुस्ती, जखम, चूक, शस्त्रक्रिया, उशीर, मतभेद या सगळ्यांना ‘मायनर’ चालतो. हा शब्द कोणाला हिणवत नाही. ‘मेजर’ नाही, एवढंच तो सांगतो. म्हणून नेमकं सुचत नसेल तेव्हा ‘मायनर’कडे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘स्मॉल’ही वाईट नाही, पण तो आकाराकडे झुकतो. ‘स्मॉल मिस्टेक’ बोलण्यात ठीक, लेखी अहवालात ‘मायनर एरर’ बरं दिसतं. ‘स्लाइट’ हा शब्द प्रमाणाचा. ताप, वेदना, विलंब, फरक, चढ यांना तो शोभतो: स्लाइट फीव्हर, स्लाइट डिले. माणसाची अंगकाठी किरकोळ असेल तर ‘स्लाइट बिल्ड’.

माणसाला मात्र ‘मायनर’ लावला की अर्थ बहुतेकदा ‘अल्पवयीन’ असा होतो. ‘ही इज अ मायनर एम्प्लॉयी’ असं लिहिलंत तर बालमजुरीची शंका येईल. हुद्द्याने कनिष्ठ असेल तर ‘ज्युनिअर’ म्हणा.

सरकारी आणि कायदेशीर कागदांत ‘मायनर’ची वेगळीच वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट ओळखून ठेवावी. ‘मायनर मिनरल्स’ म्हणजे आपली गौण खनिजं. १९५७ च्या खाणी व खनिजविषयक केंद्रीय कायद्यात इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांचा या वर्गात समावेश आहे. नद्यांतल्या वाळूवरून काय काय घडतं ते आपण रोज वाचतो. त्या वाळूला ‘मायनर’ म्हटलंय ते प्रशासकीय वर्गवारी म्हणून. त्यामुळे ‘मायनर मिनरल्स’चं मराठी ‘क्षुल्लक खनिजं’ असं कोणी केलं, किंवा उलट भाषांतरात ‘अनइम्पॉर्टंट मिनरल्स’ लिहिलं, तर ती साफ चूक आहे. ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’चंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू, तेंदूपाने, मध, मेण हे सगळं गौण वनोपजात मोडतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने याच बांबूवरच्या हक्कासाठी किती काळ चिकाटी धरली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तिथल्या ‘गौण’चा अर्थ ‘लाकूड सोडून इतर’ एवढाच आहे हे सांगावं लागणार नाही. ‘मायनर इरिगेशन’ म्हणजे लघु पाटबंधारे: लागवडीलायक लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असलेले प्रकल्प. त्यापुढे १०,००० हेक्टरपर्यंत मध्यम आणि त्याहून मोठे ते ‘मेजर’. ‘मार्जिनल फार्मर’ म्हणजे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला शेतकरी. तिथे ‘मार्जिनल’ हा जमिनीच्या धारणेचा वर्ग आहे, शेतकऱ्याच्या महत्त्वाबद्दल तो काहीही बोलत नाही. असे शब्द भाषांतरात जसेच्या तसे ठेवायचे. तिथे आपली निवड चालवायची नाही.

दुखापतीच्या बाबतीत हे अजून कडक आहे. बातमीत आपण ‘किरकोळ जखमी’ लिहितो आणि इंग्रजी बातमीत ‘सस्टेन्ड मायनर इंज्युरीज’ येतं. ते बरोबर आहे. पण पोलीस ठाण्याच्या किंवा डॉक्टरांच्या दाखल्यात कायद्याचे ठरलेले शब्द चालतात: ‘सिंपल’ आणि ‘ग्रिव्हस’, म्हणजे साधी आणि गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे प्रकार दिलेत आणि त्यात हाड किंवा दात मोडणं वा निखळणं हेही आहे. करंगळीचं हाड मोडलं तर घरी आपण म्हणतो, ‘किरकोळ आहे, प्लास्टर घातलंय.’ कायद्याच्या लेखी ती ‘ग्रिव्हस हर्ट’ आहे. दाखल्याचं किंवा जबाबाचं भाषांतर करताना तिथे ‘मायनर’ घुसवलं तर खटल्यात त्याचा फरक पडू शकतो.

तिसरी पायरी: रक्कम किंवा प्रमाण लहान असेल तर

पैशाच्या बाबतीत मराठीतच शब्दांची चंगळ आहे, आणि ती इथे उपयोगी पडते. मराठी शब्द नेमका सुचला तर इंग्रजी शब्द बऱ्यापैकी आपोआप येतो.

‘नाममात्र’ शुल्क असेल तर ‘नॉमिनल फी’. त्यात कौतुकाची छटा आहे: खरं मोल जास्त, पण घेतात थोडं. म्हणून स्वतःच्या पगाराला ‘नॉमिनल सॅलरी’ म्हणू नका, शिवाय अर्थशास्त्रात ‘नॉमिनल’चा अर्थ ‘महागाई न वगळता, चालू किमतींनुसार’ असा होतो. ‘तुटपुंजा’ पगार म्हणजे ‘मीगर’. यात कीव आहे, थोडी व्यथा आहे. शेतकऱ्याला मिळालेली तुटपुंजी नुकसानभरपाई सांगायची असेल तर ‘मीगर कॉम्पेन्सेशन’ योग्य. देणाऱ्यावर राग काढायचा असेल तर ‘पॉल्ट्री’: ‘अ पॉल्ट्री सम’ म्हणजे द्यायलाही लाज वाटावी इतकी रक्कम. बोलण्यात त्याच जागी ‘मीझली’ येतो. तो घरगुती आहे, अर्जात शोभत नाही. ‘मॉडेस्ट’ हा या सगळ्यांतला सभ्य शब्द. ‘अवर बजेट इज मॉडेस्ट’ असं म्हटलं की पैसा कमी आहे हे कळतं, आणि रडगाणंही होत नाही. देणगीदारांना पत्र लिहिणाऱ्या संस्थांनी हा शब्द जवळ ठेवावा.

‘लाक्षणिक’साठी ‘टोकन’. एका दिवसाचा लाक्षणिक संप म्हणजे ‘टोकन स्ट्राइक’. पण घरखरेदीच्या व्यवहारात आपल्याकडे ‘टोकन’ म्हणजे इसाऱ्याआधी किंवा इसाऱ्यापोटी दिलेली रक्कम, आणि ती लाखांत असू शकते. परदेशात राहणाऱ्या भावाला ‘वी पेड अ टोकन अमाउंट’ एवढंच लिहिलं तर त्याला वाटेल शंभर-पाचशे रुपये दिले. तिथे आकडा लिहा.

हिशोबातला ‘किरकोळ खर्च’ असेल तर ‘सन्ड्री एक्स्पेन्सेस’ किंवा ‘मिसलेनियस’. चहापाणी, रिक्षा, झेरॉक्स यासाठी हातात ठेवलेली रोकड म्हणजे ‘पेट्टी कॅश’. ‘सटरफटर सामान’ म्हणजे ‘ऑड्स अँड एंड्स’.

चौथी पायरी: परिणाम जाणवत नसेल तर

‘नगण्य’ला ‘नेग्लिजिबल’ हा जवळजवळ चपखल जोड आहे: हिशोबात धरलं नाही तरी चालेल इतकं कमी. धोका, नुकसान, फरक, खर्च यांना तो लावावा. मोजता येण्यासारख्या गोष्टींनाच लावावा, हेही लक्षात असू द्या. ‘त्याचं संस्थेतलं योगदान नेग्लिजिबल आहे’ हे व्याकरणाने बरोबर असलं तरी ऐकायला फार बोचतं. आणि ‘नेग्लिजिबल’ व ‘नेग्लिजंट’ यांत गल्लत नको. ‘नेग्लिजंट’ म्हणजे हलगर्जी.

‘इनसिग्निफिकंट’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या लिखाणात तो सर्वांत जास्त चुकतो. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दखल घ्यावी इतकं मोठं नाही’ असा आहे. पण संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’ ही संज्ञा आहे. ‘द डिफरन्स वॉज नॉट सिग्निफिकंट’ म्हणजे मिळालेला फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो, ही शक्यता तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत, बहुतेकदा ०.०५ या पातळीवर, नाकारता आलेली नाही. फरक लहान आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. वीस मुलांच्या दोन गटांत गुणांचा फरक चांगला मोठा असूनही तो ‘नॉट सिग्निफिकंट’ येऊ शकतो. उलट दहा हजार मुलांच्या पाहणीत अर्ध्या गुणाचा फरकही ‘सिग्निफिकंट’ येऊ शकतो, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तो किरकोळच असतो. म्हणून प्रबंधात ‘इनसिग्निफिकंट’ एकटा वापरू नका. चाचणीबद्दल बोलत असाल तर ‘नॉट स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ असं पूर्ण लिहा. आकाराबद्दल बोलत असाल तर ‘स्मॉल’ किंवा ‘नेग्लिजिबल’ लिहा आणि आकडा द्या. परीक्षकाला दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

‘इनकॉन्सिक्वेन्शिअल’ म्हणजे ज्यातून पुढे काहीच निष्पन्न होत नाही असं. तो लांबलचक आहे, पण बैठकीच्या इतिवृत्तात कधीकधी नेमका बसतो. त्याऐवजी ‘इट मेड नो डिफरन्स’ हे साधं वाक्य दहापैकी नऊ वेळा जास्त चांगलं.

पाचवी पायरी: मुद्द्याशी संबंध कमी असेल तर

इथे गोष्ट स्वतः लहान नसते. चालू विषयात तिची जागा लहान असते. मराठीत आपण ‘गौण’, ‘दुय्यम’, ‘आनुषंगिक’, ‘अवांतर’ म्हणतो.

‘गौण’ आणि ‘दुय्यम’साठी ‘सेकंडरी’. मुख्य कामाबरोबर ओघाने येणारं ते ‘इन्सिडेंटल’: प्रवासाचा आनुषंगिक खर्च म्हणजे ‘इन्सिडेंटल एक्स्पेन्सेस’. विषयाच्या कडेला असलेलं ते ‘पेरिफेरल’. ज्याचा संबंधच नाही ते ‘इररेलेव्हंट’. सभेत कोणी अवांतर बोलत असेल तर ‘दॅट इज इररेलेव्हंट’ म्हणणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. त्याऐवजी ‘दॅट्स अ सेपरेट इश्यू, लेट्स टेक इट अप लेटर’ म्हणा. काम तेच होतं आणि माणूस दुखावत नाही. मात्र ‘अवांतर वाचन’ला इररेलेव्हंट म्हणायचं नाही हं. ते ‘जनरल रीडिंग’ किंवा ‘वाइडर रीडिंग’.

‘इमटिरिअल’ हा शब्द वकील आणि लेखापरीक्षक वापरतात. निर्णयावर ज्याचा परिणाम होणार नाही ते ‘इमटिरिअल’. ताळेबंद वाचणाऱ्याचं मत बदलणार नाही इतकी लहान चूकही ‘इमटिरिअल’. तिथे तो संज्ञा म्हणूनच वापरावा.

‘मूट’पासून सावध राहा. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘अ मूट पॉइंट’ म्हणजे ज्यावर वाद होऊ शकतो असा मुद्दा. विधी महाविद्यालयातलं ‘मूट कोर्ट’ याच अंगाने आलं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ ‘आता ज्याला काही अर्थ उरलेला नाही असा मुद्दा’. पुण्यातून अमेरिकेतल्या ग्राहकाला लिहिताना हा शब्द टाळलेलाच बरा.

सहावी पायरी: हिणवणारे शब्द ओळखा

‘ट्रिव्हिअल’, ‘पेट्टी’, ‘फ्रिव्होलस’ आणि ‘ट्रायफलिंग’ या चौघांत निवाडा आहे. बोलणारा सांगतोय की या गोष्टीकडे लक्ष देणं हेच चूक आहे.

‘ट्रिव्हिअल’ गोष्टीला हिणवतो. गणितात मात्र तो निरुपद्रवी आहे: उजवी बाजू शून्य असलेल्या एकसामयिक समीकरणांत सगळ्या चलांची किंमत शून्य धरली की जी उकल मिळते ती ‘ट्रिव्हिअल सोल्यूशन’, हे अभियांत्रिकीच्या मुलांना पाठ असतं. तिथून तो आयटीत आला आणि ‘अगदी सोपं’ या अर्थाने रुळला. ‘द फिक्स इज ट्रिव्हिअल’ म्हणजे दुरुस्ती सोपी आहे. स्वतःच्या कामाबद्दल हे खुशाल म्हणा. सहकाऱ्याने दोन दिवस घालवलेल्या कामाबद्दल म्हणू नका. कोड तपासताना बारीकसारीक सूचना करायची असेल तर सुरुवातीला ‘निट’ लिहायची पद्धत आहे. म्हणजे मी खुसपट काढतोय हे मला माहीत आहे, पटलं तर घ्या. ही पद्धत मला फार समजूतदार वाटते, कारण लहानपणाची जबाबदारी सूचना करणारा स्वतःवर घेतो.

‘पेट्टी’ त्याहून पुढचा. तो माणसाच्या मनाला हिणवतो. ‘पेट्टी क्वारल’ म्हणजे कारण किरकोळ, आणि भांडणारेही कोत्या मनाचे. ‘डोन्ट बी पेट्टी’ म्हणजे ‘इतका कोतेपणा बरा नाही’. ठरलेल्या काही जोड्यांत मात्र तो निर्विष आहे: पेट्टी कॅश, भुरट्या चोरीसाठी ‘पेट्टी थेफ्ट’, आणि नौदलातला ‘पेट्टी ऑफिसर’. हा हुद्दा सैन्यातल्या हवालदाराच्या बरोबरीचा आहे, त्यामुळे त्याचं भाषांतर करताना ‘छोटा अधिकारी’ वगैरे लिहू नये. या जोड्या सोडल्या तर कामाच्या पत्रात ‘पेट्टी’ नकोच.

‘फ्रिव्होलस’ म्हणजे गांभीर्य नसलेलं, उगाच केलेलं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ६, नियम १६ नुसार अनावश्यक, बदनामीकारक, ‘फ्रिव्होलस’ किंवा निव्वळ त्रास देणारा मजकूर न्यायालय दाव्यातून किंवा कैफियतीतून काढून टाकायला सांगू शकतं. कोर्टकचेरीच्या बाहेर कोणाच्या तक्रारीला ‘फ्रिव्होलस’ म्हणणं म्हणजे तिच्यामागचा हेतूच खोटा आहे असं म्हणणं. कारण लंगडं आहे एवढंच म्हणायचं असेल तर ‘वीक’ किंवा ‘फ्लिम्झी’ पुरे.

कायद्याने किरकोळपणा कसा मोजलाय तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ९५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३३ सांगतं की सर्वसाधारण समज आणि स्वभावाचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही, इतकी थोडी इजा झाली असेल तर तो गुन्हा ठरत नाही. तिथे शब्द वापरलाय ‘स्लाइट हार्म’. ‘ट्रिव्हिअल’ किंवा ‘पेट्टी’ म्हणण्याचा मोह मसुदा करणाऱ्यांनी टाळला. इजा सोसणाऱ्याला न हिणवता इजा थोडी आहे असं म्हणता येतं, याचा हा चांगला नमुना.

सातवी पायरी: माणसांना हे शब्द लावू नका

मराठीत आपण रागात म्हणतो, ‘तो आमच्या खिजगणतीतही नाही’, ‘कोणी लुंग्यासुंग्या’. इंग्रजीत त्याला ‘नोबडी’, ‘नॉनएंटिटी’, ‘स्मॉल फ्राय’, ‘लाइटवेट’ असे शब्द आहेत. वाचताना कळावेत म्हणून माहीत असू द्या. लिहिताना हुद्द्यासाठी ‘ज्युनिअर’ आणि प्रसिद्धीसाठी ‘लेसर-नोन’ वापरा. एखाद्या कवीला ‘मायनर पोएट’ म्हणणं आणि ‘लेसर-नोन पोएट’ म्हणणं यांत फार अंतर आहे. पहिल्यात त्याची कविता कमी दर्जाची ठरवली जाते. दुसऱ्यात वाचकांपर्यंत ती पोचली नाही एवढंच सांगितलं जातं. आपल्या संतांविषयी, शाहिरांविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हा फरक फार जपावा, कारण परप्रांतातल्या वाचकाचं पहिलं मत त्या एका विशेषणावर बनतं.

आठवी पायरी: बोलताना

बोलण्यात विशेषणांपेक्षा ठरीव वाक्यं जास्त कामाला येतात. आणि इथेच मराठीतून शब्दशः उचललेलं इंग्रजी पटकन उघडं पडतं.

तब्येतीबद्दल विचारलं की आपण म्हणतो, ‘काही विशेष नाही.’ त्याचं ‘नथिंग स्पेशल’ करू नका. ‘नथिंग सीरिअस’ म्हणा. ‘काय चाललंय?’ला ‘काही विशेष नाही’ असेल तर ‘नॉट मच’. कोणी माफी मागितली तर ‘हरकत नाही’साठी ‘दॅट्स ऑल राइट’. सांगता सांगता विषय सोडून द्यायचा असेल तर ‘जाऊ दे’साठी ‘नेव्हर माइंड’. पण समोरचा आपलं दुःख सांगत असेल आणि तुम्हाला ‘जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणायचं असेल, तर ‘नेव्हर माइंड’ कोरडं वाटतं. तिथे ‘ट्राय नॉट टू लेट इट गेट टू यू’ म्हणा.

‘त्यात काय एवढं’ म्हणजे ‘इट्स नो बिग डील’. आपण केलेल्या मदतीबद्दल कोणी आभार मानले तर हे छान लागतं. दुसऱ्याच्या अडचणीबद्दल, दुसऱ्याच्या यशाबद्दल तेच वाक्य म्हटलं तर उर्मट वाटतं.

म्हणींच्या बाबतीत आपलं भांडवल मोठं आहे. ‘राईचा पर्वत’ला मोलहिलचा माउंटन, ‘दर्यामें खसखस’ला ‘अ ड्रॉप इन द ओशन’, ‘शब्दाचा कीस काढणं’ला ‘स्प्लिटिंग हेअर्स’. ब्रिटिश माणूस ‘अ स्टॉर्म इन अ टीकप’ म्हणतो, अमेरिकन ‘अ टेम्पेस्ट इन अ टीपॉट’. ‘पीनट्स’ फक्त पैशासाठी: ‘दे पे पीनट्स’. एका मेलमध्ये एकापेक्षा जास्त म्हण घालू नये.

नववी पायरी: व्याकरणातले आणि उच्चारातले खड्डे

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत दिवस-रात्रीचा फरक आहे. ‘इट इज ऑफ लिटल इम्पॉर्टन्स’ म्हणजे महत्त्व जवळजवळ नाहीच. ‘इट हॅज अ लिटल इम्पॉर्टन्स’ म्हणजे थोडं का होईना, महत्त्व आहे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चंही तेच: ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कोणी आलं नाही, ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे लोक आले. मराठीत अशी उपपदं नसल्यामुळे आपल्याकडून तो ‘अ’ सहज गळतो आणि अहवालाचा अर्थ उलटतो.

‘इनव्हॅल्युएबल’ला सुरुवातीला ‘इन’ आहे म्हणून तो ‘बिनमोलाचा’ असा समजू नका. त्याचा अर्थ अमूल्य. ‘प्राइसलेस’ही अमूल्य. कवडीमोल म्हणायचं असेल तर ‘वर्थलेस’ किंवा ‘व्हॅल्यूलेस’. निवृत्तीच्या निरोप समारंभात ही गल्लत झाली तर निस्तरणं कठीण.

उच्चारात ‘पॉल्ट्री’ हा तुच्छ रकमेचा शब्द आणि ‘पोल्ट्री’ म्हणजे कोंबड्या, त्यामुळे ‘ऑ’ स्पष्ट काढा. ‘पेट्टी’तला ‘ए’ आखूड ठेवा, आपल्या भजनातल्या पेटीसारखा लांबवू नका. अतिसूक्ष्म या अर्थाचा शब्द ‘माय्न्यूट’, घड्याळाचा ‘मिनिट’, स्पेलिंग एकच.

दहावी पायरी: शब्दकोश असा वापरा

मराठी-इंग्रजी कोशात ‘क्षुल्लक’समोर सात शब्द मिळतात, पण कोणता कुठे, ते मिळत नाही. म्हणून तिथून शब्द घेतला की ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनच्या विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात तो पुन्हा बघा. हे तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. अर्थाच्या आधी तिथे बारीक अक्षरांत शेरा असतो: औपचारिक, अनौपचारिक, किंवा ‘डिसअप्रूव्हिंग’, म्हणजे नापसंती दाखवणारा. हा शेवटचा शेरा दिसला की शब्द पत्रातून काढा. त्यानंतर उदाहरणं वाचा आणि तो शब्द कोणत्या नामांबरोबर येतो ते टिपून घ्या. ‘नेग्लिजिबल’बरोबर रिस्क, इफेक्ट, कॉस्ट येतात. ‘मायनर’बरोबर चेंज, इंज्युरी, प्रॉब्लेम येतात. वहीत शब्द एकटा लिहू नका, जोडी लिहा.

आता तीन वाक्यं घेऊन बसा. ‘आमची एक छोटीशी विनंती आहे’: इथे विनंती करणारे तुम्हीच आहात, म्हणून ‘स्मॉल’ नम्र वाटतो: ‘वी हॅव अ स्मॉल रिक्वेस्ट’. ‘मायनर रिक्वेस्ट’ यंत्रासारखं वाटतं आणि ‘ट्रिव्हिअल रिक्वेस्ट’ म्हटलं तर वाचणारा म्हणेल, मग करता कशाला?

‘दोन्ही मसुद्यांत किरकोळ फरक आहे’: फरक मोजून दाखवता येत असेल आणि अर्थ बदलत नसेल तर ‘द टू ड्राफ्ट्स डिफर ओन्ली स्लाइटली’. करारनामा असेल तर फरक कुठल्या कलमात आहे ते लिहिल्याशिवाय ‘स्लाइटली’ वापरू नका. एका स्वल्पविरामाने हक्क फिरू शकतो.

‘किरकोळ कारणावरून त्याने नोकरी सोडली’: कारण खरंच किरकोळ होतं का, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर विशेषण गाळा आणि कारण लिहा: ‘ही लेफ्ट आफ्टर अ डिसअग्रीमेंट ओव्हर हिज वीकली ऑफ’.